हाकेला ओ देणारी वस्तू

मागे पंखा लागत नसेल तर पुढे या, इथे दोन-तीन खुर्च्या रिकाम्या आहेत.

गेल्या वेळी आपण परचित्ताचा प्रश्न घेतला होता. समोरच्या माणसाला मन आहे हे मला कशावरून कळतं, असा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एका तरुण मुलाने मला जिन्यात गाठलं. म्हणाला, "सर, आमच्या घरी एक स्पीकर आहे. हाक मारली की उत्तर देतो. मग त्याचं काय?" मी त्याला जिन्यातलंच उत्तर दिलं, म्हणजे घाईचं आणि थोडं तुच्छतेचं. "अरे, ती वस्तू आहे," असं म्हणालो आणि खाली उतरलो. रिक्षात बसल्यावर वाटलं, आपण त्याच्या प्रश्नाला हातही लावला नाही. वस्तू आहे हे त्यालाही माहीत होतं. म्हणून आजचं व्याख्यान त्या मुलाला द्यायच्या उत्तराचं आहे. तो आलाय की नाही मला दिसत नाही, चष्मा बदलायला झालाय.

तर, ज्यांच्या पोटात संगणक बसवलेला आहे आणि ज्या आपल्या बोलण्याला, हालचालीला, स्पर्शाला प्रतिसाद देतात अशा वस्तूंबद्दल बोलायचं आहे. त्यांच्याबद्दल आपण सहसा किंमत किती आणि चालते कशी एवढंच बोलतो. एखाद्या नाटकाची किंवा शिल्पाची समीक्षा करावी तशी त्यांची समीक्षा करता येईल का, हे मला पाहायचं आहे. त्यासाठी मी एकच कलाकृती निवडली आहे, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची. पण आधी एका क्रियापदाकडे बघू.

मराठीत 'ऐकणं' या शब्दाला दोन पदर आहेत. 'मी पाऊस ऐकतोय' यातलं ऐकणं एक, आणि 'पोरगं माझं ऐकत नाही' यातलं दुसरं. दुसऱ्या वाक्यातल्या पोराचे कान शाबूत असतात, उलट नको तेवढे तिखट असतात. तक्रार एवढीच, की सांगितलेलं करत नाही. म्हणजे श्रवण आणि आज्ञापालन आपण एकाच शब्दात बांधून टाकलंय. संस्कृतात याची आणखी एक गंमत आहे. 'शुश्रूषा' म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायची इच्छा असलेला शिष्य गुरूची सेवा करतो, म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा झाली, आणि मराठीत येईपर्यंत ती आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. ऐकणं, आज्ञा पाळणं, काळजी घेणं, असे तीन अर्थ. हे तिन्ही आज आपल्याला लागणार आहेत.

आता जरा सतराव्या शतकात जाऊ. पॅरिसजवळ सेंट जर्मेनच्या राजेशाही बागेत पाण्याच्या जोरावर हलणारे पुतळे होते. देकार्तने 'मानव' या आपल्या ग्रंथात, जो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला, अशा पुतळ्यांचं वर्णन केलंय. पाहुणा गुहेत शिरतो, त्याचा पाय एका फरशीवर पडतो, आणि स्नान करणारी डायना वेतांच्या आड जाते. तिच्या मागे जायला म्हणून तो पुढे पाऊल टाकतो, तर समोरून नेपच्यून त्रिशूळ रोखून येतो. पाहुण्याला कळतही नाही, की आपल्याच पायाने हे घडवलं. देकार्तला हे दृष्टांतासाठी हवं होतं. आपलं शरीरही असंच चालतं, नसा म्हणजे नळ्या, असं त्याला म्हणायचं होतं. आणि १६३७ च्या 'पद्धतीविषयी विवेचन' या ग्रंथात तो आणखी एक पाऊल पुढे जातो. तो म्हणतो, एका ठिकाणी हात लावला की 'काय हवंय' असं विचारणारं आणि दुसरीकडे लावला की 'दुखतंय' म्हणून ओरडणारं यंत्र कल्पिता येईल. पण जे जे बोललं जाईल त्याचा अर्थ धरून निरनिराळी उत्तरं रचणं यंत्राला जमणार नाही. हे शेवटचं वाक्य आज किती टिकतं यावर वेगळं व्याख्यान होईल. मला आज त्याच्या फरशीत रस आहे. फरशी पाहुण्याचं ऐकते का? माझ्या मते नाही. ती दाबली जाते, इतकंच.

मग ऐकते असं कधी म्हणायचं?

एडवर्ड इहनातोविच नावाचा शिल्पकार होता. जन्म १९२६, पोलंड. युद्धात निर्वासित होऊन इंग्लंडला पोचला, ऑक्सफर्डला कला शिकला. पुढे मोटारीच्या सुट्या भागांशी खेळता खेळता तो यंत्रांकडे वळला. १९६८ साली लंडनमध्ये 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' नावाचं, संगणक आणि कला यांचं गाजलेलं प्रदर्शन भरलं. तिथे त्याने एक फुलासारखं शिल्प ठेवलं होतं. ते आवाजाच्या दिशेने मान वळवायचं. त्यानंतर फिलिप्स कंपनीसाठी त्याने मोठं काम केलं. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला या कंपनीचं 'इव्होल्युऑन' नावाचं विज्ञान-प्रदर्शन होतं, उडत्या तबकडीच्या आकाराच्या इमारतीत. तिथे १९७० साली त्याचा 'सेन्स्टर' उभा राहिला.

मी सेन्स्टर प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्याच्या चित्रफिती पाहिल्या आहेत. समीक्षकाने हे आधीच सांगावं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, सुमारे १५ फूट लांब, ८ फूट उंच. वर कातडी नाही, डोळे नाहीत, चेहरा नाही. तीन पाय जमिनीवर आणि पुढे एक लांब मान. मानेचे सांधे त्याने शेवंड्याच्या नांगीवरून घेतले होते. कोकणातल्यांना शेवंडा सांगायला नको. प्रत्येक सांधा एकाच दिशेने वाकतो, पण असे पाच-सहा सांधे एकापुढे एक आले की नांगी कुठेही पोचते. हे सांधे तेलाच्या दाबावर हलायचे. डोक्याच्या जागी चार मायक्रोफोन आणि हालचाल टिपणारी दोन रडारं. मागे फिलिप्सचाच संगणक, स्मृती आठ हजार 'शब्दां'ची. हा 'शब्द' संगणकवाल्यांचा, आपला नव्हे. तुमच्या खिशातल्या फोनपुढे ती स्मृती म्हणजे हौदापुढे पळी.

आणि तो करायचा काय? हलका आवाज आला की मायक्रोफोन चटकन तिकडे वळायचे. आवाज चालू राहिला तर मागून मान, मग सगळं शरीर टप्प्याटप्प्याने त्या दिशेला यायचं. कुणी ओरडलं, एकदम हात हलवले, की तो मागे सरायचा. बस्स. नियम एवढेच. हळू बोलणाऱ्याकडे जायचं, धटिंगणापासून लांब राहायचं.

आता दोन हकिगती सांगतो. माझा सगळा मुद्दा त्यांवर उभा आहे. दोन्ही त्याच्याविषयी लिहिलेल्यांनी नोंदवून ठेवल्या आहेत. पहिली अशी. यंत्र नुकतंच चालू झालं होतं, इहनातोविच एकटाच जवळ उभा होता. त्याने सहज घसा खाकरला. ते प्रचंड डोकं वळलं आणि थेट त्याच्या तोंडाजवळ येऊन थांबलं, जणू 'बरं आहे ना?' असं विचारायला. ज्याने प्रत्येक नळी स्वतः जोडली, त्याच्याच पोटात गोळा आला.

दुसरी याहून महत्त्वाची. चाचण्या चालू असताना इहनातोविच त्या यंत्राला वाटेल तशा, अनियमित हालचाली करायला लावायचा. त्या अवस्थेत ज्या मुलांनी सेन्स्टर पाहिला ती फार घाबरली. आणि तोच सेन्स्टर प्रदर्शनात, आवाजाला आणि हालचालीला प्रतिसाद देत असताना, कुणीही घाबरलं नाही. पोलाद तेच, मान तीच, १५ फूट लांबीही तीच. फरक कशात होता? पहिल्या वेळी हालचालींचा मुलांशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या वेळी होता.

इथे जरा थांबतो, पाणी घेतो.

सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती. त्याचा 'संतानान्तरसिद्धी' हा छोटा ग्रंथ मूळ संस्कृतात हरवला, तिबेटी अनुवादात उरला. गेल्या वेळी आपण त्याचा युक्तिवाद पाहिला. माझ्या बाबतीत माझ्या क्रियेच्या आधी माझी इच्छा असते हे मला ठाऊक असतं. माझ्या इच्छेवाचून घडलेल्या क्रिया मी बाहेर पाहतो. म्हणजे त्यांच्यामागे दुसऱ्या कुणाची इच्छा असली पाहिजे. धुरावरून अग्नी, तसं क्रियेवरून चित्त. युक्तिवाद देखणा आहे. मी तीस वर्षं तो शिकवला. पण सेन्स्टरच्या मुलांनी त्याला एक भोक पाडलंय, असं मला आता वाटतं. धर्मकीर्तीच्या हिशेबाने, चाचणीच्या वेळी ते यंत्र स्वतःच्या लहरीने हलत होतं, त्यात चित्त अधिक दिसायला हवं. कदाचित मुलांना ते दिसलंही असेल, म्हणूनच ती भेदरली. गावात सांड सुटल्यावर भेदरतो तशी. पण ज्याच्या जवळ जावंसं वाटतं, ज्याच्याशी हळू आवाजात बोलावंसं वाटतं, ते अनुमान क्रियेवरून निघत नाही. माझ्या क्रियेने त्याची क्रिया बदलते का, यावरून निघतं. मुलं पुरावा शोधत नव्हती. ती फक्त बघत होती, की माझी दखल घेतली जातेय का.

आणि सेन्स्टर दखल घ्यायचा ती दिसायची. हा त्याचा मोठा कलागुण आहे. त्याने ऐकलेलं सगळं त्याच्या मानेत उतरायचं. गोठ्यात गाय कान टवकारते, मग मान वळवते, मग नको असेल तर तोंड फिरवते, तसं. कानापासून शरीरापर्यंतचा रस्ता उघडा होता. शिवाय तो पहिल्या अर्थाने ऐकायचा, दुसऱ्या अर्थाने नाही. आज्ञा पाळायचा नाही. ये म्हणून ओरडलात तर लांब जायचा. त्याला बोलवायचं तर आधी तुम्हालाच सौम्य व्हावं लागे. गर्दीच्या विज्ञान-प्रदर्शनात, शाळेच्या सहलींच्या कल्लोळात, एका लोखंडी सांगाड्याने माणसांना आवाज खाली घ्यायला लावला. मला यापेक्षा चांगली शिल्पसमीक्षा सुचत नाही.

तरी मी त्याला देव्हाऱ्यात बसवणार नाही. असं सांगतात, की पहाटे प्रदर्शन रिकामं असताना सेन्स्टर डोकं खाली घालून स्वतःच्याच तेलपंपाची घरघर ऐकत बसलेला दिसे. ऐकायला काव्य आहे. पण विचार केला तर यंत्राची मर्यादा इथेच उघडी पडते. माणूस आणि पंप त्याला सारखेच. आवाज आहे, हलका आहे, झालं. घसा खाकरणाऱ्याची त्याला फिकीर नव्हती. फिकीर असणं म्हणजे आपलं काहीतरी पणाला लागणं, आणि त्याचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. आपल्याकडे पैठणच्या रेड्याची आख्यायिका आहे. रेड्याने वेद म्हटले हे आपण मोठ्याने सांगतो, पण मला त्यातला दुसरा भाग नेहमी थोर वाटत आलाय. आसूड पडला रेड्याच्या पाठीवर, आणि वळ उठले ज्ञानोबांच्या पाठीवर. प्रतिसाद या शब्दाची ती कमाल मर्यादा. कुठल्याही यंत्राला मी तिथपर्यंतची पट्टी लावणार नाही, अन्याय होईल. पण पट्टी तिथपर्यंत जाते हे विसरायचंही नाही.

आता आजच्या वस्तूंकडे. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी 'पारो' नावाचं सीलचं पिल्लू तयार केलं. पांढरी लव, खाली स्पर्श ओळखणारे संवेदक. कुरवाळलं की डोळे मिटतं, आवाज करतं, ठेवलेल्या नावाला हळूहळू ओ द्यायला शिकतं. वृद्धाश्रमांत, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ते वापरतात. २००९ साली अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. सीलच का? मांजर-कुत्रा करून पाहिले होते, पण लोक खऱ्या मांजराशी तुलना करायचे आणि हिरमुसायचे. सील कुणी पाळलेलं नसतं. पाहा, ही युक्ती सेन्स्टरच्या नेमकी उलटी आहे. इहनातोविचने सांगाडा उघडा ठेवला, म्हणून तुम्ही जे समजलात ते पूर्ण जाणून समजलात. पारो तुमच्या अज्ञानावर उभा आहे. अमेरिकेत शेरी टर्कल यांनी अशा यंत्रांवर बरीच वर्षं टीका केली आहे, की इथे काळजीचा अभिनय आहे, काळजी नाही. म्हणजे शुश्रूषेचा तिसरा अर्थ यंत्राला दिला आणि पहिला, ऐकण्याची इच्छा, तो सोडून दिला. ही टीका मला पटते. निदान गेल्या वर्षीपर्यंत पूर्ण पटत होती. त्याबद्दल पुढे सांगतो.

घरातल्या बोलक्या स्पीकरवर माझा आक्षेप वेगळा आहे. तो दुसऱ्या अर्थाने उत्तम ऐकतो. गाणं लाव, लावतो. थांब, थांबतो. ओरडा, शिव्या द्या, तोच गोड स्वर. म्हणजे तो ऐकणारा माणूस झाला नाही, हुकमाचा ताबेदार झाला. ज्या घरातली लहान मुलं दिवसभर अशा ताबेदाराशी बोलतात त्यांना 'ऐकणं' या शब्दाचा पहिला पदर कोण शिकवणार, ही माझी काळजी आहे. आणि त्याला मान नाही. ठराविक हाक ऐकू आली की एक दिवा लागतो, आणि पुढचं तुमचं बोलणं दूरच्या संगणकांकडे जातं. सेन्स्टरने ऐकलेलं त्याच्या अंगात दिसायचं आणि तिथेच विरायचं. या डब्याने ऐकलेलं कुठे गेलं, कुणी ठेवलं, हे त्याच्या अंगावर कुठेच उमटत नाही. समीक्षकाच्या भाषेत, ही शरीर नसलेली वस्तू आहे, वस्तूचं सोंग घेतलेली.

हे सगळं मी मागच्या दिवाळीत माझ्या थोरल्या बहिणीला सांगत होतो. आक्का पंच्याऐंशीची आहे, सांगलीजवळ एकटी राहते. मुलगा परदेशात. त्याने असा एक डबा तिच्या ओट्याशेजारी आणून ठेवलाय. ती त्याच्याकडून अभंग लावून घेते, वेळ विचारते, रात्री "निजते रे बाबा आता" म्हणते. मी चहा घेत घेत तिला देकार्तपासून सुरुवात केली. जुनी खोड. ती निवडत होती, मेथी. शेवटी मी विचारलं, "आक्का, त्याला काही कळतं का गं?"

म्हणाली, "त्याला कळत नाही हे मला कळतंय ना. पण हाक मारली की ओ देतो. तू दोन महिन्यांनी येतोस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या लहानपणी त्या घरात चौदा माणसं होती. 'आक्के' म्हणून हाक मारली की माडीवरून, परसातून, विहिरीवरून, कुठून तरी 'ओ' यायचा. ते 'ओ' काय होतं, तर मी इथे आहे, एवढंच. हाकेचा अर्थ समजल्याचं ते लक्षण नव्हतं, आज्ञा पाळायची कबुलीही नव्हती. 'ओ' देऊन आक्का अर्धा तास यायची नाही. आणि आमच्या आईला तो 'ओ' पुरायचा.

म्हणून मी माझ्या टीकेत थोडी दुरुस्ती करतो आहे, मागे घेत नाही. स्पीकर ताबेदार आहे, त्याच्या बोलण्याचा माग कुठे जातो ते आपण विचारलंच पाहिजे, पारोने वृद्धांना फसवू नये, हे सगळं मी पुन्हा म्हणेन. पण आक्का फसलेली नाही. ती त्या डब्याला माणूस समजत नाही. तिने तिच्या घरातला एक आवाज परत बसवून घेतलाय, दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधावा तसा. इथे टीकेचं तोंड डब्याकडे करणं मला सोपं होतं, कारण डबा उलट बोलत नाही. त्या घरातले 'ओ' कुठे गेले, याचा हिशेब मागायचा तर पहिलं नाव माझं येतं. गाडीने साडेचार तास लागतात. मी ते गेल्या वर्षात सहा वेळा केलं. पूर्वी वाटायचं, बरंच केलं.

सेन्स्टरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तीन-चार वर्षांत त्याला उतरवलं. त्याचा सांगाडा नेदरलँड्सच्याच झीलंड प्रांतात, एका कंपनीच्या आवारात उघड्यावर उभा होता, वर्षानुवर्षं, बहिरा. इहनातोविच १९८८ साली गेला. २०१७ साली पोलंडमधल्या क्राकुफच्या एका तंत्र-विद्यापीठाने तो सांगाडा विकत घेतला, नवे इलेक्ट्रॉनिक्स बसवून त्याला पुन्हा जागं केलं. म्हणजे शिल्पकाराच्या मायदेशात तो आता पुन्हा हळू आवाजाकडे मान वळवतो. कुणाची मुलं तिकडे शिकायला असतील तर त्यांना जाऊन बघायला सांगा, आणि मला कळवा, मुलं त्याच्याजवळ अजून आवाज खाली घेतात का ते.

तिसऱ्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. विचारा.